अंगठा वर

मगरपट्ट्याच्या स्विमिंग टँकवर, सकाळी साडेसहाच्या बॅचला
फिरदौसनं पहिलाच धडा दिला तो असा:
अंगठा वर केला तर ‘छान’ नव्हे,
‘चला वर’.
छान असेल तर अंगठा-तर्जनीचं कडं करायचं.
मी आयुष्यभर छान नसतानाही छान म्हणत आले,
त्यामुळे कडं पटकन जमलं.

हे मात्र नुसतीच मान हलवत होते.
ऐकू आलंच नव्हतं काही.
एकतीस वर्षं मुंढव्याला फोर्ज शॉपमध्ये,
कानात कापसाचे बोळे,
तेही साहेब राउंडला आले तरच.
निवृत्तीला चांदीचा गणपती मिळाला
आणि कानात एक कायमची शिट्टी.
मशीन आहे कानाचं. टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये.
घातलं की म्हणतात, तुझी भांडी फार वाजतात.

तिकिटं ऋजुतानं काढली. चाळिसावं वर्ष आहे,
म्हणाली, महाबळेश्वर पुरे आता.
डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं,
पडदे शाबूत आहेत हो, गेलंय ते आतलं,
बुडा खुशाल.
जिन्यात देवयानीवहिनींनी विचारलं, ह्या वयात? पोहायला?
म्हटलं, पोहायचं नाहीये, बुडायचंय.
त्याला वयाची अट नसते.

तर हॅवलॉक.
खोलीत टॉवेलचा हंस, नाश्त्याला बिनशेंगदाण्याचे पोहे,
आणि होडीच्या काठावर बसून
मागे पडायचं. मागे, न बघता.
पडले.
वरचा सगळा आवाज कुणीतरी झाकण लावून बंद केला.

बारा मीटरवर आम्ही आठ जण.
दिल्लीचं ते बोलघेवडं जोडपं, कोइमतूरचे वकील,
सगळे एका झटक्यात बहिरे,
हातवाऱ्यांचा नुसता गोंधळ.
आणि हे
असे तरंगत होते, जसे घरी आलेत.
हॅमरजवळ कोण बोलतो?
एक बोट: उचल. मूठ: थांब.
तळवा आडवा: अजून एक ठोका.
ही भाषा त्यांनी घरी कधी आणली नव्हती.
डबा यायचा संध्याकाळी, विसळून.
भाषा लॉकरला.

मग माझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं.
थोडंच. खारट. पण मला एकदम
गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं, कधीचं कोण जाणे,
आणि छातीत धावाधाव.
मी कडं केलं बोटांचं. छान. छान.
त्यांनी माझा हात पाहिलाच नाही,
डोळे पाहिले.
मनगट धरलं. मूठ: थांब.
भट्टीतला तुकडा लाल होऊन येईपर्यंत थांबावं
तसे थांबले, माझे श्वास बोटांवर मोजत.
बाजूनं एक कासव गेलं म्हणे.
दिल्लीवाल्यांच्या व्हिडिओत आहे.
मी नाही पाहिलं.

शिट्टी? होडीत विचारलं, कानाशी ओरडून.
म्हणाले, होती की. पण खाली
प्रत्येकालाच आपापलं काहीतरी ऐकू येत होतं.

आता परत सातववाडी.
वहिनी जिन्यातच भेटल्या, कसं होतं हो बुडणं?
मी अंगठा वर केला.
त्यांना वाटलं, छान.
लिफ्ट बंद होती, हातात भाजी,
मला खरंच वर जायचं होतं.

हाका मारणं सोडलंय मी.
स्वयंपाकघराच्या दारातून दोन बोटं तळव्यावर टेकवते:
हवा किती उरली?
पेपरमागून बोटं येतात. शंभर. कधी एकशेवीस.
रविवारी मटण शिजत असेल तर दोनशे, फुल टाकी.

परवा रात्री दिवा मालवल्यावर
मी मूठ छातीशी धरली.
हवा कमी असल्याची खूण.
का धरली, मलाही नाही सांगता येणार,
आणि अंधारात दिसणार कुणाला.
पंखा फिरत होता.
पलीकडून एक हात आला, चाचपत,
उशीवरून, चश्म्याच्या डबीवरून,
मनगटापर्यंत.